कागदावर नसलेली ओळ

भाऊजी, माझ्या डाव्या कानाशी येऊन उभं राहणं आता पुरे करा.

काल, सातव्या दिवशी, तुमचं जलदान झालं. बुद्धवंदना झाली, पंचशील झालं, बौद्धाचार्यांनी पाणी सोडलं, विहारातल्या सतरंज्या झटकून परत कपाटात गेल्या. एवढं सगळं रीतसर उरकल्यावर माणसाने जायला हवं. पण आज सकाळी चहा गाळताना मला पुन्हा तुमचा वास आला. तंबाखूचा आणि त्या लाल साबणाचा. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून कामावरून आलात की त्या साबणाने अर्धा तास हात घासायचात, आणि तरी नखांत कोळसा राहायचाच. मी मान वळवली. डावीकडे शेंगदाण्यांचा डबा होता. आठ दिवसांत मी इतक्या वेळा डावीकडे वळले आहे की मान धरली आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, वहिनी, आता आठ दिवस उजवीकडे बघा, म्हणजे सरळ होईल.

ही सवय तुम्हीच लावलीत. सात वर्षं तुम्ही माझ्या डाव्या कानात शेवटच्या ओळी सांगितल्यात आणि पुढची सात वर्षं काहीच सांगितलं नाहीत. त्या दुसऱ्या सात वर्षांबद्दल मला बोलायचं आहे. पण तिथे थेट जायचा धीर होत नाही, म्हणून आधी पहिली सात.

दुष्काळाच्या पुढच्या वर्षी तुमचे दादा गेले. कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत माणूस संपला. मी सव्वीस वर्षांची, शाळेत लागून तीन वर्षं झालेली, पोटी काही नाही. जलदानाला विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. एकेक जण उठत होता आणि प्रत्येकाच्या भाषणात एकेक तारा निखळत होता. त्यांच्या खात्यातले एक साहेब तर म्हणाले, शिवराम म्हणजे शिस्त, शिवराम म्हणजे वेळेचा पक्का माणूस. मी भिंतीला टेकून बसले होते. सात दिवसांत माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं आणि पोटात धड घास गेला नव्हता. हिला रडवा गं कुणीतरी, नाही तर ही पण जाईल, असं बायका माझ्यादेखत बोलत होत्या.

साहेब बसले आणि तुम्ही उठलात. हातात कामावरच्या पाळीच्या वहीचं फाडलेलं पान.

जन्मभर दादा माझा उशिराच पोचला,
लग्नामध्ये स्वतःच्याही तासाने उगवला.
भोंगा झाला एकलहऱ्याचा, हा शोधतो चपला,
एक घालून पायामध्ये दुसरीसाठी थांबला.
साहेब म्हणाले, "शिवराम, तू इतका कसा रखडला?"
"लवकर आलो उद्यासाठी," असं म्हणून हसला.
अशा माझ्या दादाने हा कसला डाव साधला?

इथे तुम्ही अडकलात. तोंड उघडं, आवाज नाही. विहारात कुणी खोकत नव्हतं. मग तुम्ही सतरंजीवरून वाट काढत माझ्यापाशी आलात, डाव्या बाजूला गुडघ्यांवर बसलात आणि कानात म्हणालात, "एकच ओळ राहिली, वहिनी. माझ्याच्यानं होत नाही. तुम्ही म्हणा." आणि ओळ सांगितलीत. मी मास्तरीण. म्हण म्हटलं की म्हणायची सवय. मी उभी राहिले आणि चौथीच्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं:

आयुष्यात एकदाच दादा वेळेआधी गेला.

म्हणून झालं आणि मला हसू आलं. ओठांतल्या ओठांत नव्हे, चांगलं खदखदून. मला डोळ्यांपुढे ते दिसले, एका पायात चप्पल घालून दुसरीसाठी पलंगाखाली वाकलेले. त्या हसण्याच्या पाठोपाठ बाकीचं सगळं आलं, सात दिवसांचं साठलेलं, आणि मग मला कुणी आवरू शकलं नाही. सासूबाई मात्र हसण्यावरच थांबल्या होत्या. "नवरा मेला अन् ही खिदळती! लाज नाय का गं तुला?" महिनाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पण त्या संध्याकाळी मी दोन भाकरी खाल्ल्या. हे उपकार मी तुम्हाला कधी बोलून दाखवले नाहीत. आज दाखवते.

तिथून आपली जोडी जमली. आधी कॉलनीने नावं ठेवली. पण वर्षभरातच कुणी गेलं की तिसऱ्या दिवशी घरचं माणूस दबकत तुमच्या दारात यायला लागलं. "दामूभाऊ, आमच्या आबांचं काही होईल का?" तुम्ही त्या घरी जाऊन दोन तास बसायचात, चहा प्यायचात आणि एकच विचारायचात: माणूस कशावरून चिडायचा? चांगलं काय होतं ते सगळेच सांगतील, तुम्ही म्हणायचात, चिडायचा कशावर ते सांगा, मग माणूस दिसतो. रेल्वेतून निवृत्त झालेले आपले गार्डकाका आठवतात? घरात बसून नाशिक रोडवरून सुटणाऱ्या प्रत्येक गाडीची शिट्टी ऐकायचे आणि घड्याळ बघून शिव्या द्यायचे. त्यांच्या जलदानाला तुमची शेवटची ओळ होती, "प्रवासी सारे फलाटावरती, गार्डच गाडीत बसला!" काकू पदर तोंडात कोंबून हसल्या. नंतर त्यांनी तो कागद मागून घेतला आणि काकांच्या फोटोशेजारी काच लावून टांगला. ती ओळ त्यांनी स्वतः खाली लिहिली, वाकड्या अक्षरात.

कारण तुमचा नेम असा की शेवटची ओळ कागदावर लिहायची नाही. कागद मला आदल्या दिवशी मिळायचा, शेवटी एक ओळ रिकामी. मी माइकपाशी वाचत त्या जागी पोचले की तुम्ही डाव्या बाजूने यायचात आणि ती कानात सोडायचात. मी किती वेळा भांडले. "पाठ करायला आधी सांगायला काय जातं तुमचं?" तर म्हणे, "आधी सांगितली की तुम्ही पहिल्या ओळीपासून तोंड करून बसता. हसायची असली तर हसरं, रडायची असली तर रडकं. लोकांना तुमच्या तोंडावरून उत्तर कळतं. शेवटची ओळ तुम्हालाही लोकांबरोबरच लागली पाहिजे." मला पटायचं नाही. पण माइकपाशी उभी राहून डावा कान टवकारायची मला चटक लागली होती, हे खरं.

आणि मग माया.

तुमची आणि शांताची असली, तरी माया दोन घरांत मिळून एकच होती. जेवायला ज्या घरी भाजी चांगली त्या घरी. मला मोठी आई म्हणायची आणि चौथीत माझ्याच वर्गात आली तेव्हा शाळेच्या फाटकात पाय ठेवल्यावर बाई म्हणायची. फाटकाच्या बाहेर पडताक्षणी पुन्हा मोठी आई. या फाटकाच्या नियमात तिने कधी चूक केली नाही. चूक एकाच बाबतीत व्हायची. ती तुमच्या दादांवर गेली होती. शेजारच्या घरातून मी साडेदहाला निघायचे तेव्हा तिची वेणी चालू असायची, आणि शाळेची घंटा, प्रार्थना, सगळं होऊन मी हजेरी घ्यायला लागले तरी बाईसाहेबांचा पत्ता नसायचा. तिचा नंबर अडतीस. तिच्या बाकावर सलमा बसायची, आपल्या इस्माईलभाई टेलरची मुलगी. मी अडतीस म्हणून वर बघितलं की सलमा मैत्रिणीच्या वतीने बोलायची, रोज तेच, त्याच चालीवर. ते वाक्य मी आत्ता लिहीत नाही. हात धजत नाही. मी डोळे वटारायचे, पेन्सिलीने टिंब द्यायचे, आणि टिंबाची हजेरी होईपर्यंत माया दारात धापा टाकत उभी असायची.

तीन दिवसांच्या तापाने ती गेली. दहा वर्षांची होती. त्याबद्दल आणखी काही लिहू शकत नाही आणि तुम्हाला सांगायची गरजही नाही.

पाचव्या दिवशी दुपारी तुम्ही माझ्या स्वयंपाकघराच्या दारात आलात. दाढी वाढलेली, आणि हातात पाळीच्या वहीचं पान. मला आधी वाटलं औषधाची चिठ्ठी आहे, इतकं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी पहिल्या दोन ओळी वाचल्या. ताटवाट्या आणि काळा तवा. मी कागद घडी घालून तुमच्यापुढे धरला.

"भाऊजी, पोर जाऊन पाच दिवस झालेत. तुम्हाला लोकांना हसवायचंय?"

"लोकांना नाही, वहिनी."

"मग कुणाला?"

तुम्ही मान वळवलीत. चुलीकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "दादाच्या वेळी तुम्ही हसलात म्हणून वाचलात."

"तो बाप्या माणूस होता. हे लेकरू आहे."

"लेकरू हसरं होतं."

"मी नाही वाचणार. कुणालाही वाचू देणार नाही. तुमच्या काळजाच्या जागी कोळसा भरलाय, भाऊजी."

हे मी म्हणाले. शब्द न् शब्द असाच. तुम्ही हात सदऱ्याला पुसलात, जणू खरंच काही लागलं होतं, कागद खिशात घातलात आणि म्हणालात, "असेल. बघतो." आणि गेलात. मायाच्या जलदानाला कविता झाली नाही. मी वंदना म्हटली आणि खाली बसले. तुम्ही माइकपासून लांब, दारातल्या चपलांपाशी बसला होतात.

नंतर कधीच काही लिहिलं नाहीत. कुणी विचारायला आलं तर हसून हात दाखवायचात. "आता फक्त कोळसा." लोकांना वाटायचं, खात्यात काम वाढलं असेल. ते कुठून येतंय हे एकट्या मला कळायचं, आणि मी भाजी निवडत खाली मान घालून बसायचे. तुम्ही भांडला असतात, चार दिवस बोलणं टाकलं असतंत, तर बरं झालं असतं. पण तुम्ही दर रविवारी चहाला येत राहिलात. शेजारच्या टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईची नक्कल, साहेबाच्या नव्या स्कूटरची फजिती. हसवायचात तर अजूनही. पण डाव्या बाजूच्या खुर्चीवर बसायचं सोडलंत. समोर बसायला लागलात. माझ्या लक्षात आलं नसेल असं वाटलं का तुम्हाला?

आता एक गोष्ट सांगते. ती मी कुणालाच सांगितलेली नाही, तुम्हाला तर नाहीच.

माया गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी शाळेत गेले होते. घरात बसवत नव्हतं. भिंतीपलीकडून शांताचं ऐकू यायचं आणि ऐकू येईनासं झालं की त्याहून वाईट वाटायचं. वर्गात गेले, पट उघडला. मला वाटलं होतं सदतीसनंतर एकोणचाळीस म्हणायचं, एवढं साधं आहे. पण जिभेला वळण पडलेलं असतं. सदतीस म्हणाले आणि पाठोपाठ अडतीस म्हणाले. माया दामोदर. आणि सवयीने मान वर केली.

आणि सलमा बोलली. तीही सवयीनेच. रोजचंच वाक्य, रोजच्याच चालीवर. म्हणून झाल्यावर तिचा हात आपोआप तोंडावर गेला, तो मी पाहिला. तिला कळलं होतं. वर्गातल्या चाळीस पोरींना कळलं होतं. मलाही कळलं होतं की हे लेकरू मुद्दाम बोललं नाही. तरी मी उठले, तिच्या बाकापाशी गेले आणि तिच्या कानशिलात भडकावली. माझी पाच बोटं उमटली तिच्या गालावर. ती रडली नाही. बाकावर मायाच्या रिकाम्या जागेकडे सरकून बसली.

मी पट मिटला आणि पोरींना शुद्धलेखन घातलं. इस्माईलभाई तक्रार घेऊन येतील म्हणून आठ दिवस वाट पाहिली. आले नाहीत. आजही माझे ब्लाउज तेच शिवतात, माप न घेता, आणि एका शब्दाने बोलले नाहीत. सलमा पुढे मोठ्या शाळेत गेली. रस्त्यात दिसली की लांबूनच "नमस्ते बाई" म्हणायची आणि मी रस्ता ओलांडायचे. दर जूनमध्ये नवा वर्ग, नव्या पोरी, अडतीस नंबरला दरवर्षी कुणी तरी वेगळी. मी सदतीसनंतर थांबते. त्या पोरीला वाटतं बाई रागावल्या. ती मोठ्याने ओरडते, हजर! आणि मी तरीही क्षणभर दाराकडे बघत राहते.

तुमच्याशी मी त्या दुपारी अशी वागले, कारण माझा हात दोन दिवसांपूर्वीचा अजून गरम होता. हे सांगायला हवं होतं. दर रविवारी ठरवायचे. चहा व्हायचा आणि तुम्ही उठून जायचात.

मागल्या रविवारी चहाला आला नाहीत. कामावर निघताना बूट घालायला खुर्चीत बसलात आणि तिथेच. एका बुटाची नाडी बांधून झाली होती. शांता म्हणते, दुसरा बूट हातातच होता. एका पायात बूट. अगदी दादांसारखं. यावर तुम्ही काय लिहिलं असतंत ते माझ्या मनात लगेच आलं आणि मला स्वतःची किळस आली.

जलदानाच्या आदल्या दिवशी दुपारी शांता आली. तुमचा वीजकेंद्राचा पास ठेवायचं ते प्लास्टिकचं पाकीट तिच्या हातात होतं. पासामागे घडी घातलेला कागद. घड्यांवर फाटलेला, कडा काळपट. सात वर्षं रोज खिशात घेऊन तुम्ही कोळशाच्या वाघिणींपाशी उभे राहत होतात.

"ताई, हे उद्या तुम्ही वाचा," ती म्हणाली. "त्या टायमाला राहिलं."

"शांता, मी त्यांना नको ते बोलले होते."

"म्हायती हाय मला. मी भिंतीपल्याडच व्हते." ती ओट्यावर बसली. "मी काय शिकलेली नाय. पण पोर माझी व्हती. त्या दिवशी सगळे रडले, अन् माझी माया त्यात कुठंच नव्हती. तुम्हाला हसू नाय आलं तरी चालंल. पण वाचा."

ती गेल्यावर मी चष्मा लावून, दार लोटून, पहिल्यांदा पूर्ण वाचली.

ओट्यावरती दुपारच्याला माया भरवी शाळा,
पाट, पळी अन् ताटवाट्या, एक तवा काळा.
"पळी?" म्हणे, "हजर बाई!" "वाटी?" म्हणे, "हजर!"
"तव्या, तोंड धुतलं का रे? घासून ये लवकर!"
नाकावरचा नसला चष्मा बोटाने करी वर,
मोठ्या आईसारखी ओरडे, खोचून घेई पदर.
"उशीर करील त्याची माझ्या शाळेत नाही गय!"
स्वतःला मात्र उशिराची काकासारखी सवय.
घंटा झाली, प्रार्थना झाली, हिची वेणी चालू,
"येते येते" म्हणता म्हणता सूर्य लागे कलू.
हजेरीला नाव निघालं, बाई बघती वर,

आणि खाली रिकामं.

माझी नक्कल करायची ती! भांड्यांना बसवून! मला कुणी सांगितलंही नाही. त्या दुपारी मी दोनच ओळी वाचल्या, तिथे ताटं होती आणि तवा होता. आणखी तीन ओळी वाचल्या असत्या तर मीच भेटले असते.

मग शेवटची ओळ शोधायला बसले. मुलांना रिकाम्या जागा भरायला लावण्यात माझी हयात गेली. वर, घर, पदर, अंतर, अखेर. तुम्ही अखेर असला रडका शब्द कधी घातला नसतात, तो खोडला. घर घेऊन तीन ओळी जुळवल्या, तिन्ही 'तारा निखळला'छाप वाटल्या. हजर मी घेतलाच नाही. तो वर येऊन गेलाय, तुम्ही यमक दोनदा वापरत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. तो शब्द आला की माझा हात गरम व्हायचा. दिवेलागणीपर्यंत बसले आणि डावा कान दुखेपर्यंत ऐकत राहिले. तुम्ही होतात तिथेच. वास येत होता. पण बोलला नाहीत.

काल विहारात मेणबत्त्या लागल्या. फोटोत तुम्ही उगाच गंभीर दिसता, तो फोटो बदलायला हवा होता. दोन-तीन जण बोलले. तारे निखळले. मग मी माइकपाशी गेले, कागद उघडला आणि म्हणाले, "ही कविता भाऊजींवर नाही. मायावर आहे. सात वर्षांपूर्वी मी वाचायला नकार दिला होता. आज वाचते." एवढ्यावरच माझा आवाज गेला होता, पण वर्गात आवाज जाऊन चालत नाही.

काळ्या तव्याच्या ओळीला मागे कुणीतरी फिसकन हसलं. चष्म्याच्या ओळीवर आलं तेव्हा माझं बोट, खरं सांगते, माझ्या नकळत चष्मा वर करायला गेलं. सगळा विहार हसला. पुरुष, बायका, माझ्या हाताखालून गेलेल्या पोरी. पदराच्या ओळीला मी पदर खोचला नाही, पण तो खोचलेलाच होता हे त्यांनी बघून घेतलं. काकाच्या ओळीला म्हातारी माणसं हसली, त्यांना शिवराम आठवत होता. आणि मी शेवटच्या लिहिलेल्या ओळीपाशी पोचले.

हजेरीला नाव निघालं, बाई बघती वर,

मी वर बघितलं. रोज बघते तशी. डावीकडे कान देऊन उभी राहिले. विहार थांबला, जुन्या लोकांना माहीत होतं की आता दामूभाऊ यायचे. कुणी आलं नाही. मेणबत्त्यांचा वास तेवढा. मला वाटलं, ही माझी शिक्षा, इथेच उभं राहायचं.

तेव्हा बायकांच्या बाजूने आवाज आला. शांताशेजारी एक मुलगी बसली होती, पांढरी ओढणी डोक्यावर घेतलेली, मी मघापासून तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. ती उठलीही नाही. बसल्या जागेवरून, त्याच जुन्या चालीवर म्हणाली:

"येतेय बाई, वाटेत आहे, लावा तिला हजर!"

आणि तिचा हात तोंडावर गेला. तेव्हासारखाच.

भाऊजी, यमक जुळलं. मात्रा जुळल्या. ती तुमचीच ओळ होती आणि तुम्हाला ती ठाऊक होती. तुम्हाला सगळं ठाऊक होतं.

आधी शांता हसली. लेकीची आई, नवऱ्याच्या जलदानाला, भर विहारात, डोक्यावरचा पदर खांद्यावर येईपर्यंत हसली. आता तिला लाज काढायला सासूबाई नव्हत्या. मग मी हसले. चौदा वर्षांपूर्वीसारखीच. आणि पाठोपाठ बाकीचं सगळं आलं, तेव्हासारखंच, आणि या वेळी मला आवरायला सलमा उठून आली.

नंतर शांताने सांगितलं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर सलमा दप्तर घेऊन तुमच्याकडे आली होती, घरी जायच्या आधी. गाल सुजलेला. तुम्ही तिला पाट दिलात, चहा दिलात आणि विचारलंत, काय म्हणालीस गं तू? तिने तुमच्या कानात सांगितलं. "हे लई वेळ हसले," शांता म्हणाली. "मग मोरीत गेले अन् तोंड धुवत बसले. पोरीला घरी सोडून आले. टेलरला काय बोलले ते मला ठाव नाय. मला म्हणले, वहिनीला सांगू नको. मी सांगंन, माझ्या पद्धतीनं." म्हणून तिने काल सलमाला बोलावून शेजारी बसवलं होतं. ओळ तिला माहीत नव्हती, पोर आली होती एवढंच माहीत होतं.

म्हणजे त्या दुपारी तुम्ही लोकांना हसवायला आला नव्हतात. मी विचारलं, मग कुणाला, आणि तुम्ही चुलीकडे बघितलंत. तुम्ही मला सोडवायला आला होतात. मी तुमच्या हातात कोळसा ठेवला आणि तो तुम्ही सात वर्षं धरून बसलात. एकदा तरी ओरडायचं होतंत.

सलमाची मी माफी मागितली, सगळ्यांसमोर. ती म्हणाली, "बाई, ते मी कधीच विसरले. मला एवढंच वाटायचं, तुम्ही रस्ता का ओलांडता." तिला शिक्षिका व्हायचं आहे म्हणे. मी म्हटलं, हजेरी घ्यायला मी शिकवते.

आज चहा झाल्यावर मी तुमचा कागद घेतला आणि रिकाम्या जागेत ती ओळ लिहिली. फळ्यावर काढते तसं अक्षर काढायला गेले, पण गार्डकाकांच्या काकूंसारखंच वाकडं आलं. लेकरावर हसावं की नाही, या आपल्या भांडणात मी अजून पूर्ण हरलेले नाही. तुम्ही समोर असतात तर दोन तास भांडले असते आणि मुद्दा सोडला नसता. पण त्या दुपारी तुमचंच खरं होतं. हे सांगायला मी तुमच्या चितेनंतरचा आठवा दिवस गाठला. उशिराची खोड तुम्हा रक्ताच्या माणसांनाच आहे असं मी समजत होते. मी या घरात नुसती आलेली, मलाही लागली.

उशीर झाला, भाऊजी. दारात उभी आहे. लावा मला हजर.